कंडक्टरबाईंची गाडी

आमच्या बाईंना ओरडता यायचं नाही. तिसरी-चौथीची अडतीस पोरं एका खोलीत सांभाळायची आणि ओरडायचं नाही, ही गोष्ट गावाला काही केल्या पचली नाही. त्यांच्या घशाचं कसलंसं ऑपरेशन झालेलं. आधीची वीस-बावीस वर्षं एकेका खोलीत दोन-दोन वर्ग ओढून, गळ्याच्या शिरा ताणून ताणून आवाज गेला होता आणि उरला होता तो नुसता वारा. त्या 'बसा' म्हणाल्या की पहिल्या रांगेला ऐकू यायचं, दुसरी रांग पहिलीकडं बघून बसायची आणि मागच्या आमच्यासारख्यांना काही सांगितलंय याचाच पत्ता नसायचा. "ह्या बाईला कोंबडी हाकलता यायची न्हाई, ही पोरं काय वळवणार," असं माझी आई पहिल्याच आठवड्यात बोलून मोकळी झाली. माझ्या आईचं एक बरं आहे, ती चुकली की तिला ते आठवतच नाही.

मी आता जिंतूरला एका मेडिकल दुकानात काम करते. डी. फार्म. झालेली आहे, दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते. ज्यांनी ते अक्षर पाहिलंय त्यांना हे काय दिव्य आहे ते वेगळं सांगायला नको. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढं जे सांगायचंय त्यासाठी सांगते, की चौथीचं वर्ष संपत आलं तरी मला वाचता येत नव्हतं. एक ओळ म्हणून नाही. आणि वर्गात वाचनात माझा पहिला नंबर होता.

आमचं गाव बोरीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, एक गुरुजी आणि एक बाई. बाई परभणीहून रोज एसटीनं फाट्यावर उतरायच्या आणि तिथून अर्धा तास चालत यायच्या. त्यांचे यजमान कंडक्टर होते. तिकिटं फाडायची पद्धत जाऊन मशिनं आली, तेव्हा त्यांची जुनी पत्र्याची तिकीटपेटी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा घरी माळ्यावर पडून होता. बाईंनी तो सगळा सरंजाम एक दिवस पिशवीत घालून शाळेत आणला. सोबत एक पितळी घंटी. ती त्यांनी आढ्याला बांधली, तिची सुतळी आपल्या टेबलापर्यंत ओढून घेतली आणि फळ्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलंय ते माझ्या शेजारी बसणाऱ्या शालूनं मला सांगितलं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाची एसटी झाली आणि बाईंचं नाव कंडक्टरबाई पडलं. त्यांनी पोरांच्या पाच गाड्या केल्या, एकेका गाडीत सात-आठ जण. खोलीचे चार कोपरे आणि बाहेरचा व्हरांडा मिळून पाच थांबे. झरीच्या थांब्यावर चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावून बेरजा करायच्या. पेडगावला जमिनीवर खडूनं घरं आखलेली, त्यांत उड्या मारत पाढे म्हणायचे. सोनपेठला बाजार भरायचा, तिथं ज्वारी आणि हरभरा आधी ओंजळीत अंदाजानं घ्यायचा आणि मग तराजूत घालून खरं-खोटं करायचं. जिंतूरला लिहायचं. आणि व्हरांड्यात होतं आमचं बोरी, तिथं वाचायचं. पंधरा मिनिटं झाली की बाई सुतळीला दोन हिसके द्यायच्या आणि पाचही गाड्या एकदम हलून पुढच्या थांब्याला लागायच्या. पहिल्या दिवशी जी ढकलाढकली झाली तिच्यात दोन पाट्या फुटल्या आणि गुरुजी शेजारच्या खोलीतून धावत आले. आठ दिवसांनी मात्र अडतीस पोरं फिरायची आणि भांडण नावाला नसायचं.

शालूला शंका फार. तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "बाई, सोनपेठ तर तिकडं गंगेच्या अंगाला हाय. झरीच्या म्होरं कसं काय यील?" गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. बाईंनी तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "आपली गाडी हाय. पोरांना जिकडून जायचंय तिकडून जाती." शालूचं काही समाधान झालं नाही. ती आज गावची उपसरपंच आहे आणि मला त्याचं तिळमात्र नवल वाटत नाही.

बाईंचा एक नियम होता आणि तो फार कडक होता. थांब्यावरचं काम गाडीतल्या प्रत्येकाचं झालं तरच गाडीच्या तिकिटाला चिमटा. एकाचं जरी राहिलं तरी चिमटा नाही. "सगळे चढल्याबिगर गाडी हलायची न्हाई," हे त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. शनिवारी ज्या गाडीच्या तिकिटाला जास्त भोकं, ती गाडी पुढचा आठवडाभर घंटीची सुतळी ओढणार. एवढंच बक्षीस. पेन नाही, चॉकलेट नाही, टाळ्यासुद्धा नाहीत. पण त्या सुतळीसाठी आम्ही काय केलं नाही ते विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी शाळा रानात असायची, त्या वर्षी पोरं रानात जायला तयार होईनात. मी अंगात ताप घेऊन, आईचा डोळा चुकवून शाळेत गेलेली आहे. एकदा दोन बापलोक भांडायला आले, "तुमी पोरांना काय जादूटोणा करायलाव का?" बाईंनी त्यांना सोनपेठच्या थांब्यावर बसवलं आणि हरभऱ्याचा अंदाज करायला लावला. दोघांचाही चुकला. पोरांचा बरोबर आला. मग ते गेले.

आवाज नसल्यामुळं बाईंना सगळं कानात सांगावं लागायचं. त्या जवळ यायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या, वाकायच्या आणि बोलायच्या. घशासाठी तोंडात कायम लवंग असायची, तिचा वास आधी यायचा आणि शब्द मागून. रागावल्या तरी कानात आणि शाबासकी दिली तरी कानात, त्यामुळं कुणाला काय मिळालं ते बाकीच्यांना कळायचंच नाही. ज्याला बोलणी बसली तोही तोंड धरून हसत जागेवर यायचा आणि सांगायचा, "मला म्हणल्या लय हुशार हायस." सगळा वर्ग हुशार होता. गावातल्या बायाही हळूहळू त्यांच्याशी कुजबुजत बोलायला लागल्या. समोरचा हळू बोलतोय म्हटल्यावर आपला आवाज आपोआप उतरतो. माझी आई सोडून.

आता माझी गोष्ट. मी पहिलीत होते तेव्हा शाळेवर वर्षभर एकच गुरुजी, आणि तेही कागदांच्या कामासाठी सारखे तालुक्याला. दुसरीत मला कावीळ झाली, दोन महिने घरी. परत गेले तर बाकीची पोरं धडे वाचायला लागलेली. मला 'क' कुठला आणि 'फ' कुठला ते सुधरेना. विचारायची लाज वाटली. आपल्याला येत नाही हे एकदा लपवलं की दुसऱ्या दिवशी जास्त लपवावं लागतं, आणि मी त्यात पटाईत होते. पुस्तक समोर धरून ओठ हलवायचे. शेजारचा काय म्हणतो त्याच्या मागोमाग म्हणायचं. लिहायचं असलं की, परीक्षेतसुद्धा, शेजारच्याचं बघून चित्र काढल्यासारखं उतरवायचं. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज खपून जायचा.

बोरीच्या थांब्यावर ते खपेना. तिथं एक डबा होता, त्यात चाळीस चिठ्ठ्या. एकानं चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं तसं करायचं. 'दाराला हात लाव.' 'तीन टाळ्या वाजव.' 'मैत्रिणीला पाणी दे.' माझी पाळी आली की मी खोकायचे, नाहीतर लघवीला जायचे, आणि आमची गाडी अडायची. सलग दोन शनिवार सुतळी दुसऱ्यांकडं गेली. शालूला ते सहन होईना. तिनं मला शाळेच्या मागं नेलं आणि विचारलं, "मंदे, खरं सांग, तुला वाचता येतंय का?" मी रडायला लागले. शालू म्हणाली, "रडू नको. रडून चिमटा बसत न्हाई."

उपाय तिनंच काढला. बाई पैशानं कार्डशीट विकत आणायच्या नाहीत, त्यांच्याकडं आलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायच्या. त्यामुळं प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीमागं पत्रिकेचा एकेक तुकडा असायचा. कुठं अर्धा गणपती, कुठं कलश, कुठं पिंपळाचं सोनेरी पान, कुठं हळदीचा वाळलेला ठिपका. मधल्या सुट्टीत शालू डबा घेऊन बसायची आणि मला शिकवायची. गणपतीची सोंड म्हणजे 'दाराला हात लाव'. गणपतीचं पोट म्हणजे 'पाणी दे'. पिंपळपान 'तीन टाळ्या'. नवऱ्याच्या नावावर चुरगळलेला कोपरा म्हणजे 'फळ्यापर्यंत लंगडी घाल'. पंधरा दिवसांत मला चाळीसही पाठ झाल्या. चिठ्ठी उचलताना मी ती अलगद उलटी उचलायचे, पाठ बघायचे आणि मग सुलटी धरून धडाधड वाचायचे. खरं वाचणारी पोरं अडखळायची, मी कशाला अडखळू? आमची गाडी पुढं निघाली ती निघालीच. आठवड्यामागून आठवडे सुतळी आमच्याकडं.

जानेवारीत वरून एक साहेब आले. बाईंचं गाडीचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं होतं. ते खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसले आणि बाईंनी मला पुढं केलं. मी एकामागून एक दहा चिठ्ठ्या वाचल्या. साहेबांनी फोटो काढले, शेरेबुकात काहीतरी चांगलं लिहिलं आणि चहा घेऊन गेले. ते गेल्यावर बाई माझ्याकडं आल्या, खांद्यावर हात ठेवला, वाकल्या. लवंगेचा वास आला. "माझं सोनं गं ते," त्या म्हणाल्या. मला आनंद झाला. हे मी आज कबूल करते, लाज नंतर वाटली, आधी आनंदच झाला.

चिठ्ठ्या वापरून वापरून फार मळल्या होत्या. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्यावर बाईंनी एका रविवारी बसून चाळीसही नव्यानं लिहून काढल्या. या खेपेला त्यांना कुठूनतरी पांढरे पुठ्ठे मिळाले होते. सोमवारी आमची गाडी बोरीला लागली, मी डब्यात हात घातला, चिठ्ठी उलटी उचलली. मागं काही नव्हतं. पांढरं. सुलटी केली तर त्या बाजूला किडे-मुंग्या. मी म्हटलं, "दाराला हात लाव." पोरं वाकून माझ्या हातातली चिठ्ठी बघायला लागली. शालूनं डोळे मिटून घेतले. मी दुसरी चिठ्ठी काढली आणि पुन्हा म्हटलं, "दाराला हात लाव."

बाई आल्या. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी बघितली, मला बघितलं. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवून कानात विचारलं, "हे कंचं अक्षर हाय, बाळा?" मी बोलले नाही. दुसऱ्यावर बोट ठेवलं. मी बोलले नाही. त्यांनी आत जाऊन सुतळीला एकच हिसका दिला. सगळ्या गाड्या थांबल्या. बाई परत येऊन माझ्यासमोर खाली फरशीवर बसल्या आणि विचारलं, "मग इतके दिस कसं वाचत होतीस?" मी सांगितलं. सोंडेचं सांगितलं, पोटाचं सांगितलं, पिंपळपानाचं सांगितलं. बाई हसायला लागल्या. आवाज नाही, नुसतं अंग हलत होतं. मला वाटलं सुटले. मग त्यांनी पदर तोंडावर धरला आणि तेव्हा कळलं की हसणं केव्हाच थांबलंय.

त्यांनी सगळ्या वर्गाला भोवती जवळ बसवलं. लांबून ऐकू येणार नाही म्हणून अगदी गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाल्या, "ही चूक मंदीची न्हाई अन् शालूचीबी न्हाई. तुमी आपली गाडी म्होरं न्यायला बघितलं, त्यात काय वाईट? चूक माझी हाय. मी नुसती तिकिटं बघत बसले. भोकं मोजली, तुमची तोंडं हसरी दिसली, मला वाटलं सगळी शिकायलेत." मग तिसरीतल्या एकानं विचारलं, "मग बाई, ह्यांची भोकं कटाप करायची का?" बाई म्हणाल्या, "माझी करा."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्या माझ्याबरोबर घरी आल्या. मी पाया पडून सांगितलं की माझ्या वडलांना, अप्पांना, सांगू नका. त्या म्हणाल्या, सांगावंच लागंल. अप्पांनी मला पाचवीला बोरीला घालायचं कबूल केलेलं होतं, आणि ते कशाच्या जोरावर, तर पोरगी वर्गात पहिली आहे म्हणून. आमच्या भावकीत तोवर एक मुलगी चौथीपुढं गेली नव्हती. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "बाई, तुमीच म्हणत होता न्हवं, लय हुशार हाय म्हणून? साधं नाव वाचता येत न्हाई अन् रोज बोरीला जाऊन काय करंल? राहू द्या घरी. आईला हाताखाली व्हईल." बाईंनी एवढंच विचारलं, "शाळा जूनमदी उघडती. तवर थांबता का?" अप्पा म्हणाले, "जूनपस्तोर थांबतो. मग मी तिला वाचायला लावणार. आलं तर बोरी, न्हाई तर न्हाई."

मे महिना. परभणीकडचा मे ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, सकाळी नऊला रस्ता भाजायला लागतो. बाई पहिल्या गाडीनं निघून सव्वासातला फाट्यावर उतरायच्या आणि पावणेआठला शाळेच्या व्हरांड्यात. सुट्टीमुळं खोलीला कुलूप, किल्ली गुरुजींनी त्यांच्याकडं देऊन ठेवलेली. घंटी नाही, गाडी नाही, पोरं नाहीत. त्या आणि मी. पहिले चार दिवस मी इतकी तोंड फुगवून बसले की सांगायची सोय नाही. खेळायची सवय लागलेली, नुसतं पाटीवर अक्षरं गिरवायला जीव जाई. मनात म्हणायचे, हिनं नव्या चिठ्ठ्या लिहिल्याच नसत्या तर काय बिघडलं असतं.

पाचव्या दिवशी बाईंनी पाटी माझ्याकडं दिली. म्हणाल्या, "आता तू लिही. तू लिहिशील ते मी करते. तोंडानं सांगायचं न्हाई." मला 'ब' आणि 'स' ही दोन अक्षरं एव्हाना येत होती, मी 'बस' लिहिलं. बाई बसल्या. कुठं, तर व्हरांड्याच्या कडेला जिथं ऊन आलं होतं तिथंच. मला गंमत वाटली. आता पुढं काय? मी म्हटलं, "उठा की." बाईंनी मान हलवली आणि पाटीकडं बोट दाखवलं. मला 'ऊठ' लिहिता येईना. मी पुन्हा म्हटलं, "बाई, उठा, ऊन लागंल." त्या ढिम्म. कपाळावर घाम आलेला, तोंडात लवंग, नजर माझ्यावर. मी रडून बघितलं, त्याचा उपयोग झाला नाही. मग मला एकदम आठवलं की वर्गात भिंतीवर अक्षरांची चित्रं आहेत. मी आत पळाले. उसाचं चित्र शोधलं, त्याच्याजवळचं अक्षर बोटानं हवेत गिरवलं आणि ते विसरायच्या आत बाहेर येऊन पाटीवर काढलं. पुन्हा आत. ठशाचं चित्र शोधलं, पुन्हा बाहेर. अक्षरं वाकडीतिकडी होती, पण दोन होती. बाईंनी पाटी हातात घेतली, नीट बघितली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

माझं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं असं मी धरते. पाटीवर दोन खुणा केल्या आणि एवढी मोठी बाई उन्हातून उठली, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर मी बाईंना काय काय करायला लावलं. लंगडी घालायला लावली. 'हस' लिहिलं, त्या हसल्या. 'गाणं म्हण' लिहायला मला दोन दिवस लागले, आणि त्या आवाजात त्या खरंच गाणं म्हणाल्या, ते मला एकटीलाच ऐकू आलं. मग त्या लिहायच्या आणि मी करायचे. मग चार-चार ओळींची गोष्ट. एक दिवस चुकला नाही. रविवारीसुद्धा आल्या. साडेदहाला छत्री उघडून फाट्याकडं निघायच्या तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.

जूनमध्ये अप्पांनी माझी परीक्षा घेतली. पुस्तक त्यांना चालणार नव्हतं, ते मी पाठ केलं असेल असा त्यांना संशय, आणि माझा आधीचा पराक्रम बघता तो बरोबरच होता. त्यांनी सरकीच्या बियाण्याचं नवं पाकीट आणून माझ्यापुढं टाकलं. मी एकेक अक्षर धरून वाचायला लागले. 'पेरणी' आलं, 'ओलावा' आलं, 'लहान मुलांपासून दूर ठेवा' आलं. अप्पा म्हणाले, "तू वाचून हुईपस्तोर पीक निघंल." पण पाकीट त्यांनी पूर्ण वाचून घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी मला सायकलवर बसवून बोरीला नाव घालायला नेलं.

बाईंची गाडी पुढंही चालली. त्या निवृत्त होईपर्यंत सात-आठ वर्षं. फक्त त्यांनी एक बदल केला, तो मला मागून आलेल्या पोरांकडून कळला. एक सहावा थांबा काढला आणि त्या थांब्यावर स्वतः बसल्या. तिथं गाडी यायची नाही, एकेकटं पोर यायचं आणि बाईंच्या कानात चार ओळी वाचायचं. चुकलं तरी बाकीच्यांना ऐकू जायचं नाही. त्या थांब्याला चिमटा नव्हता. माझी मावसबहीण म्हणायची, सगळ्यात जास्त भीती त्याच थांब्याची वाटायची आणि सगळ्यात जास्त हौसही त्याचीच.

मी अधूनमधून परभणीला त्यांच्या घरी जायचे. बारावी झाले तेव्हा, फार्मसीला नंबर लागला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा. त्या मला जेवू घालायच्या आणि दर वेळी दारापर्यंत आल्यावर विचारायच्या, "वाचतीस का काही, का नुसत्या गोळ्या मोजतीस?" त्या मे महिन्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला वाटायचं, त्यांना सुट्टीत दुसरं काय काम होतं? लहानपणी आपल्या बाईंना घर असतं, घरी माणसं असतात, हे डोक्यातच येत नाही. मोठेपणीही माझ्या ते आलं नाही, ही माझी कमाल.

गेल्या वर्षी बाई गेल्या. घशाचंच दुखणं उलटलं. शालूनं फोन करून सांगितलं आणि आम्ही दोघी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. घरापुढं मांडव, सगळे पांढऱ्या कपड्यांत, समोर मेणबत्त्या लावलेल्या. लोकांनी बाईंबद्दल सांगितलं, घंटीचं सांगितलं, थांब्यांचं सांगितलं. माझ्याच्यानं उठून बोलवलं नाही. शालू बोलली, आणि तिनं माझ्याकडं बोट करून पत्रिकांचं सगळं प्रकरण सांगून टाकलं. लोक हसले. कार्यक्रम संपल्यावर पस्तिशी-चाळिशीची एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. ती बाईंची मुलगी, पुण्याला असते. तिला मी फोटोत पाहिली होती, समोरासमोर कधी नाही.

तिनं विचारलं, "ती तू का? मे महिन्यातली?"

मी हो म्हटलं.

ती माझ्याकडं वळून बसली. मग म्हणाली, "मी त्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आई म्हणायची, सुट्टी लागू दे, मग दिवसभर तुझ्याच उशाशी बसते. सुट्टी लागली अन् ही रोज सहाला घराबाहेर. मी विचारलं, शाळा बंद अन् तू कुठं जायलीस? तर म्हणाली, एका पोरीचं माझ्याकडून राहून गेलंय. एक दिवस सकाळी आठला मला कळा सुरू झाल्या. बाबा ड्यूटीवर. शेजारच्या काकूंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आई आली साडेबाराला. तोवर हा झालेला होता." मांडवात एक उंच मुलगा पाण्याचे ग्लास वाटत होता, तिनं त्याच्याकडं बघितलं. "वर्षभर मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनं कधी सफाई दिली नाही. एकदाच म्हणाली, तुझ्यापाशी काकू होत्या, त्या पोरीपाशी कुणीच नव्हतं."

मला तो दिवस आठवता येईना. मी खूप प्रयत्न केला. 'हस' लिहिलं तो दिवस, की गाण्याचा, की मी हट्टानं पाटी फेकली होती तो? बाई कुठल्याच दिवशी घाईत दिसल्या नव्हत्या. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, आणि तिचे पाय धरावेत असंही वाटलं. मी नुसतं म्हटलं, "ताई, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असेल," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "शिकलीस ना पण वाचायला?"

"शिकले."

"नीट येतं?"

"नीट येतं."

"मग जाऊ दे," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिनं माझा हात सोडला नाही.